फिजीचा ‘उला’ : फेकण्यासाठी घडवलेले लाकूड, त्याला पॉलिश नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नाशिकमधल्या एका खासगी संग्रहातील जुन्या वस्तूंची छायाचित्रे आली आहेत. त्यांतल्या एकाखाली ‘आफ्रिकेतील आदिवासींची हातगदा’ असे छापले आहे. सोबतच्या मजकुरात ही वस्तू घासून, पॉलिश करून नव्यासारखी केल्याचा कौतुकाने उल्लेख आहे. वस्तू आफ्रिकेतली नाही. ती प्रशांत महासागरातल्या फिजी बेटांवरची आहे आणि हातात धरून हाणण्यापेक्षा फेकून मारण्यासाठी घडवलेली आहे. तिकडे तिला ‘इ उला’ म्हणतात. ओळ चुकली तर ती पुढच्या अंकात दुरुस्त करता येते. पॉलिशने जे गेले ते मात्र परत येत नाही. अशा वस्तू आणखी काही घरांत असू शकतात, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

आधी ओळख. उल्याची एकूण लांबी साधारण ३५ ते ४५ सेंटिमीटर असते. डोक्याचा व्यास ८ ते १२ सेंटिमीटर आणि दांडा अडीच-तीन सेंटिमीटर जाडीचा. डोके आणि दांडा एकाच लाकडाचे असतात, कुठेही सांधा, खिळा किंवा पाचर नसते. डोक्याच्या घडणीवरून प्रकार पडतात. भोवताली फुगीर पाकळ्या आणि माथ्यावर मधोमध गोल उंचवटा असेल तर तो ‘उला तवातवा’. डोके साध्या गोळ्यासारखे गुळगुळीत असेल तर तो ‘उला न्द्रिसिया’. काहींत मुळांच्या गाठी फक्त छाटून जवळपास तशाच ठेवलेल्या असतात. आपल्या छायाचित्रातला स्पष्टपणे पहिल्या प्रकारचा आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या गोल डोक्याच्या काठ्या यापेक्षा बऱ्याच लांब, बहुधा ६० सेंटिमीटरच्या पुढच्या असतात, डोके त्यामानाने लहान असते आणि मुठीवर हे नागमोडी खोदकाम नसते. उल्याच्या मुठीकडचा साधारण वीतभर भाग बारीक, तिरप्या नागमोडी रेघांनी भरलेला असतो. आफ्रिका की फिजी हे ठरवायला बहुतेक वेळा ही मूठ पुरेशी होते.

(जाता जाता एक उपयोगी गोष्ट. फिजीच्या रोमन लेखनात ‘बी’ हे अक्षर म्ब, ‘डी’ हे न्द आणि ‘सी’ हे मऊ थ किंवा द असे उच्चारतात. त्यामुळे संग्रहालयांच्या सूचींत शोधताना कानावर पडलेले नाव जसेच्या तसे टाइप केले तर हाती काही लागत नाही.)

ही वस्तू फेकण्याची आहे हे तिच्या वजनाच्या मांडणीवरूनच कळते. १० सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्याचे घनफळ सुमारे ५२४ घन सेंटिमीटर होते. तीन सेंटिमीटर जाडीचा ३२ सेंटिमीटर लांब दांडा २२६ घन सेंटिमीटर भरतो. लाकूड पाण्याइतक्याच घनतेचे धरले तर एकूण वजन ७५० ग्रॅम येते आणि त्यातले दोन तृतीयांशाहून अधिक डोक्यात असते. तोलाचा बिंदू डोक्याच्या माथ्यापासून सुमारे ११ सेंटिमीटरवर पडतो, म्हणजे डोके संपते तिथून बोटभर खाली. बोटावर आडवा ठेवून पाहा, तिथेच तोलला जाईल. उला हातातून सुटला की डोक्याभोवती दांडा फिरत जातो आणि भार असलेला भाग पुढे राहतो. हा उला सेकंदाला २० मीटर वेगाने गेला असे धरले तर त्याची ऊर्जा १५० ज्यूल होते. ताशी १४४ किलोमीटर वेगाने टाकलेल्या १६० ग्रॅमच्या क्रिकेटच्या चेंडूची १२८ ज्यूल भरते. शिवाय चेंडू गोल असतो. उल्याच्या पाकळ्या तेवढाच घाव थोड्याशा जागेवर देतात.

फिजीचे योद्धे हे उले कमरेच्या पट्ट्यात खोचून नेत, पुष्कळदा दोन. अंतर कमी झाले की आधी उला फेकायचा आणि शत्रू कोलमडला किंवा बिचकला की लांब सोट्याने त्याला गाठायचे, असा क्रम असे. मुठीवरचे खोदकाम शोभेचे दिसते, पण ते तिथे पकडीसाठी आहे. तेलाने, घामाने ओलसर झालेल्या तळहातातून दांडा वेळेआधी निसटू नये म्हणून. डोके कितीही सुंदर असो, मुठीवर हे काम नसलेला किंवा फक्त वरवर ओरखडलेला उला दिसला तर तो आणखी नीट तपासावा.

आता लाकडाकडे येतो, कारण या वस्तूचे खरे कसब तिथे आहे. उला प्रामुख्याने नोकोनोको नावाच्या झाडाचा करत. हे झाड आपल्याला परके नाही. ते म्हणजे आपला सुरू, तीच जात. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर त्याची लागवड १८६८ च्या सुमारास कारवारजवळ सुरू झाली, आणि आज कोकणच्या किनाऱ्यावर सुरूची बने आहेत. आपल्याकडे द्राक्षबागांच्या कडेला वाऱ्याला आडोसा म्हणूनही तो लावतात. वाळलेल्या सुरूचे लाकूड पाण्याइतके किंवा त्याहूनही जड भरते. दुसरे लाकूड वेसीचे. आपल्या लाकूड बाजारात दारांसाठी ‘मर्बाऊ’ नावाने जे लाकूड येते, ते याच कुळातले. पण उल्यासाठी नुसते जड लाकूड पुरत नाही.

कारागीर सरळ ओंडक्यातून उला कोरत नसे. तो कोवळे झाड मुळासकट उकरून काढी. खोड खाली गेल्यावर जिथे फुगते आणि मुळे फुटतात, तो गड्डा म्हणजे डोके. वरचे खोड म्हणजे दांडा. झाड उलटे धरले की उला आधीच तयार दिसतो. याचे कारण रेषांमध्ये आहे. सरळ ओंडक्यातून काढलेल्या डोक्यात लाकडाच्या रेषा वरून खाली समांतर जातात. बाहेरच्या पाकळ्यांच्या रेषा दांड्यापर्यंत पोहोचतच नाहीत, मधेच कापल्या जातात. त्यामुळे आपटल्यावर पाकळीची ढलपी रेषेवरून सरळ निघते. मुळाच्या गड्ड्यात खोडाच्या रेषा वळून, एकमेकींत गुंतून मुळांत शिरलेल्या असतात. प्रत्येक पाकळीमागे एक मूळ असते. त्या गुंत्यात ढलपी निघायला सरळ वाटच मिळत नाही. पाकळ्यांचा आकार मुळात मुळांवरून आला, हे अशी एक वस्तू डोक्याकडून पाहिली की पटते. जुन्या, अस्सल उल्यात पाकळ्या सहसा अगदी सारख्या अंतरावर नसतात, कारण मुळे तशी फुटत नाहीत.

इथल्या शाळांना किंवा हस्तकलेच्या वर्गांना प्रतिकृती करून पाहायची असेल तर सामान नाशिकमध्येच मिळते. बागेच्या कडेची सुरूची ओळ काढायची असते तेव्हा शेतकऱ्याला विचारावे. बुंध्याशी ५ ते ६ सेंटिमीटर जाडीचे रोप निवडावे. त्याचा गड्डा तासण्याआधी १२ ते १४ सेंटिमीटरचा हवा. झाड ओढून उपटू नये, त्याने गड्ड्यात आतून भेगा जातात आणि त्या वाळल्यावरच दिसतात. भोवती वीत-दीड वीत अंतरावर चर घेऊन मुळे करवतीने कापावीत, खोडापासून ८-१० सेंटिमीटर मूळ ठेवून. मग गड्डा पाण्याने आणि ताठ ब्रशने स्वच्छ धुवावा. मुरमाड जमिनीतल्या मुळांच्या बेचक्यांत खडे रुतून बसतात. वाकसाची (लाकूड तासायच्या हत्याराची) नाही तर पटाशीची धार पहिल्याच घावात जाते ती त्यांच्यामुळे.

सुरू ओला असतानाच तासायला बरा. वाळल्यावर तो हत्यार बोथट करतो आणि उभा चिरतो. म्हणून वाकसाने ओबडधोबड आकार ओलेपणीच काढावा, पण सगळीकडे एक सेंटिमीटर जास्त ठेवून. कापलेल्या सर्व मुळांच्या तोंडांना आणि दांड्याच्या टोकाला वितळवलेले मेण किंवा ऑइल पेंटचे दोन हात द्यावेत. पाणी टोकांतून सर्वांत वेगाने जाते आणि भेगा तिथूनच सुरू होतात. नंतर गोणपाटात गुंडाळून सावलीत, जमिनीलगत ठेवावे. हे काम सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू करणे सर्वांत चांगले. मग लाकूड हिवाळाभर हळूहळू वाळते आणि एप्रिलच्या कोरड्या हवेला सामोरे जाईपर्यंत बरेच स्थिरावते. मार्चमध्ये काढलेले झाड हमखास फाटते. मध्यभागी असलेल्या गाभ्यापासून निघालेली भेग दांड्याच्या पृष्ठभागापर्यंत येते आणि मूठ कामातून जाते. दर आठवड्याला वजन करून वहीत लिहावे. सलग तीन-चार आठवडे वजन बदलले नाही की लाकूड वाळले असे समजावे. अंगठ्याने दाबून किंवा वास घेऊन हे कळत नाही.

वाळल्यावर आधी दांडा सरळ करावा, मग डोके. पाकळ्यांमधल्या खाचा गोल धारेच्या पटाशीने माथ्याकडून मानेकडे अशा हलक्या घावांनी काढाव्यात, आणि मानेच्या जरा अलीकडे थांबून तेवढा तुकडा उलट बाजूने पुरा करावा. एका घावात पुढे गेले तर मानेवर खोल चीर पडते, आणि उल्याचा सर्वांत नाजूक भाग मानच असतो, कारण तिथे १० सेंटिमीटरचे डोके एकदम ३ सेंटिमीटरवर येते. तिथला उतार गोलाईने घ्यावा, काटकोन ठेवू नये. मुठीचे खोदकाम सगळ्यात शेवटी, तेही पेन्सिलीने आखून. रेघांची खोली एक ते दीड मिलिमीटर पुरते. जास्त खोल गेलात तर मधल्या बारीक धारा कुसळासारख्या तुटतात. शेवटचा हात म्हणून फिजीत खोबरेल चोळत. इथे प्रतिकृतीला ते अगदी थोडे लावून अर्ध्या तासात पुसून टाकावे. खोबरेल वाळून घट्ट होत नाही, त्यामुळे ते जास्त राहिले की आपल्या धुळीचा काळा थर बसतो. जवसाचे तेल वाळते, पण त्याचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. ते आपोआप तापून पेटू शकतात. ते उघड्यावर पसरून वाळवावेत आणि मगच टाकावेत. आणि एक विनंती आग्रहाने करतो. दांड्याच्या टोकावर ‘प्रतिकृती’ हा शब्द आणि साल कोरावे, शाईने लिहू नये. चांगली प्रतिकृती पन्नास वर्षांनी बाजारात जुनी म्हणून विकली जाते.

जुन्या फिजीत हे काम दगडी वाकसाने होई आणि गुळगुळीत करायला प्रवाळ, रेती, प्युमिस दगड असे. १८०४ नंतर चंदनाच्या व्यापारासाठी जहाजे येऊ लागली आणि त्यांच्याबरोबर लोखंडी पाती आली. त्यानंतरचे खोदकाम अधिक बारीक आणि काटेकोर दिसते. म्हणून बारीक काम म्हणजे जास्त जुने असे समजणे फिजीच्या बाबतीत उलटे ठरू शकते. १८०८ पासून बंदुकाही आल्या, तरी सोटे आणि उले पुढे अनेक वर्षे वापरात राहिले. फिजीतल्या म्बाऊ बेटाचा प्रमुख थाकोम्बाऊ याने १८५४ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १० ऑक्टोबर १८७४ रोजी बेटे ब्रिटिश राजवटीकडे सोपवली. त्या वेळी त्याने आपला आवडता सोटा राणी व्हिक्टोरियाला पाठवला. तो १९३२ मध्ये फिजीला परत आला, त्यावर चांदीची ताडपाने आणि कबुतरे जडवलेली आहेत आणि आजही तो तिथल्या संसदेचा राजदंड आहे. ज्या देशाने एका लाकडी सोट्याला संसदेत मानाची जागा दिली, त्याच घराण्यातली वस्तू आपल्याकडे असेल तर तिच्याखाली निदान देशाचे नाव बरोबर असावे. आणि हा देश आपल्याला दूरचा असला तरी परका नाही. १८७९ ते १९१६ या काळात सुमारे ६० हजार भारतीय गिरमिटाखाली, म्हणजे कराराने बांधलेले मजूर म्हणून, तिथल्या उसाच्या मळ्यांत नेले गेले. त्यांचे वंशज आज फिजीचे नागरिक आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पाहुण्यांना विकण्यासाठी उले बनू लागले आणि आजही बनतात. ते वाईट नसतात, प्रामाणिक हस्तकलाच आहे, फक्त जुने म्हणून घेऊ नयेत. मुले ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये असल्याने तिकडून सहलीला जाणारी नाशिकची कुटुंबे आता पुष्कळ आहेत, त्यांना हे उपयोगी पडेल. पहिली परीक्षा वजनाची. बाजारातले पुष्कळ नग पर्जन्यवृक्षाच्या लाकडाचे असतात. ते सुरूच्या साधारण ६० टक्केच जड असते. म्हणजे वर हिशेब केलेल्या आकाराचा नग ७५० ऐवजी साडेचारशे ग्रॅमच्या आत-बाहेर भरेल. दुसरी परीक्षा डोक्यावरच्या रेघांची. लेथवर फिरवलेल्या लाकडावर बारीक समांतर वर्तुळे राहतात, भिंगाखाली ती लगेच दिसतात. तिसरी आणि सर्वांत खात्रीची परीक्षा झिजेची. जुना उला जिथे हात लागतो तिथे झिजतो. मुठीच्या रेघांच्या धारा मधोमध बोथट आणि टोकाशी तीक्ष्ण असतात, पाकळ्यांच्या उंच भागांवर चकाकी असते आणि खाचांच्या तळाशी गडद, घट्ट बसलेली काजळी असते. नव्याला जुना बनवताना रंग सगळीकडे सारखा लावला जातो आणि तो बहुधा बूट पॉलिशचा असतो. पांढरा सुती कपडा किंचित ओलसर करून दांड्याच्या टोकाशी, कोणाला दिसणार नाही अशा जागी एकदाच हलके टेकवावा. तपकिरी डाग लगेच आला तर सांभाळून. तिथून निघताना असा नग विमानात हातातल्या सामानात नेऊ देत नाहीत, आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये उतरताना लाकडी वस्तू जाहीर करावी लागते, हेही लक्षात ठेवावे.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहितो आहे ते. पॉलिश करताना पॉलिश पेपरने वरचा अर्धा मिलिमीटर जातो. त्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये वाकसाच्या घावांच्या पुसट खुणा असतात, तळहाताचा घाम आणि तेल मुरलेले असते, चुलीच्या धुराचा थर असतो आणि आपटल्याच्या खुणा असतात. वस्तू वापरलेली आहे की दिखाऊ, दगडाने घडली की लोखंडाने, हे सांगणारा पुरावा तेवढाच असतो. खालचे लाकूड कुठल्याही सुरूचे लाकूड आहे. मग त्यावर फ्रेंच पॉलिशचा थर चढतो, तो खाचांत साचतो आणि खोदकामाची धार कायमची बुजते. ज्यांनी पॉलिश केले त्यांनी वस्तूवरच्या प्रेमापोटीच केले असणार, याबद्दल मला शंका नाही. आपल्याकडे जुन्या वाड्यातले लाकूड जपायचे म्हणजे घासून चकाकवायचे, अशीच रीत आहे. पण हे लाकूड वाड्याच्या चौकटीचे नाही.

पॉलिश होऊन गेले असेल तर आता ते काढायच्या फंदात पडू नये. थिनर किंवा स्पिरिटने पॉलिश विरघळते, पण त्याबरोबर उरलासुरला जुना थरही विरघळतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धनाचे स्वतंत्र केंद्र आहे. असे काम त्या प्रकारच्या प्रशिक्षित माणसांकडूनच करून घ्यावे. घरी करायचे ते एवढेच, की मऊ, कोरड्या ब्रशने वर्षातून एक-दोनदा धूळ झाडावी. ओला कपडा नको, तेल नको, मेण नको, लिंबू आणि चिंच तर नकोच. उचलताना स्वच्छ, कोरडे हात चालतात. सुती हातमोजे खोदकामात अडकतात आणि गुळगुळीत डोके त्यांतून निसटते.

नाशिकची हवा हा वेगळा विषय आहे. फिजीची राजधानी सुवा येथे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. नाशिक शहरात त्याच्या चौथाईच्या आसपास, तोही चार महिन्यांत. हवेत ८० टक्के आर्द्रता असते तेव्हा लाकडात सुमारे १६ टक्के पाणी राहते. ती २५ टक्क्यांवर आली की लाकडातले पाणी ५-६ टक्क्यांवर उतरते. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडे हेच होते. दांडा बारीक असल्याने लवकर आटतो, डोके जाड असल्याने आतून ओले आणि बाहेरून कोरडे राहते. बाहेरचा भाग आकसू पाहतो, आतला आकसू देत नाही आणि पाकळ्यांमधल्या खाचेत तडा जातो. म्हणून पश्चिमेच्या भिंतीवर, दिव्याखालच्या काचेच्या कपाटात किंवा कूलरच्या झोतात उला ठेवू नये. कूलर तर दुहेरी घातक. चालू असताना दमट, बंद केला की कोरडे, असे हेलकावे रोज बसतात. घराच्या आतल्या भिंतीलगतचे लाकडी कपाट सर्वांत बरे. मांजरपाटाचा कपडा खळ निघेपर्यंत धुऊन, वाळवून त्यात उला सैल गुंडाळावा. प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवला तर पावसाळ्यात बुरशी धरते. कपाटात पाण्याची वाटी ठेवण्याचा सल्ला काही जण देतात, तोही बुरशीलाच आमंत्रण आहे. काही शे रुपयांचा आर्द्रतामापक आत ठेवावा आणि काटा ४५ ते ५५ च्या दरम्यान राहील अशी जागा शोधावी.

तडा दिसलाच तर आत पाहावे. आत काळपट धूळ असेल तर तो जुना आहे, त्याला हात लावू नये. आतले लाकूड फिकट आणि ताजे असेल तर तो या उन्हाळ्यातला आहे आणि जागा बदलायला हवी. कुठलाही तडा गोंद आणि भुशाने बुजवू नये. पावसाळ्यात लाकूड फुगून तडा मिटू लागतो, मधला भराव त्याला मिटू देत नाही आणि मग शेजारी नवा तडा जातो. मांडून ठेवायचा असेल तर दोन आधार हवेत, एक मानेच्या खाली आणि दुसरा मुठीखाली, दोन्हींवर नमदा. तोल डोक्याकडे असल्याने मधोमध एकच आधार दिला तर उला हमखास पडतो आणि पडताना पाकळीवरच आपटतो.

कपाटात उल्याखाली पिठासारखी फिकट भुकटी दिसली तर भुंगा लागला आहे. रॉकेल चोळणे किंवा भोकांत वाळवीचे औषध सोडणे यांनी डाग पडतात आणि खोलवरची अळी मरत नाही. गोठवणे हा उपाय साधा आहे. उला मांजरपाटात, मग जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करावा आणि उणे १८ ते उणे २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नये, नाहीतर गार लाकडावर हवेतले पाणी जमते. द्राक्षांचे शीतगृह यासाठी चालत नाही. तिथे तापमान शून्य अंशांच्या आसपास असते आणि तेवढ्या गारव्यात अळी नुसती सुस्तावते. डोक्यात हस्तिदंती रंगाचे तुकडे किंवा दात जडवलेले असतील तर मात्र गोठवू नये, ते फुटतात.

असे पांढरे तुकडे बहुधा स्पर्म व्हेल या समुद्री सस्तन प्राण्याच्या दाताचे असतात, काही सोट्यांत माणसाचे दातही जडवलेले आढळतात. स्पर्म व्हेलच्या दातांच्या खरेदी-विक्रीवर आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावरही निर्बंध आहेत. असा उला विकत घेण्याआधी किंवा विकण्याआधी वन विभागाकडे चौकशी करावी. शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर पाठवायची असेल तर पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय पाठवू नये.

वस्तूवर जुना कागद, शाईचा आकडा किंवा दोरा असेल तर तो काढू नये, फिकट झाला असेल तरी. ती कोणाच्या हातून कुठे गेली हे पुढे त्यावरूनच कळू शकते. नवी माहिती सुती दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहावी, चिकटपट्टी लावू नये. चिठ्ठीवर एवढे पुरे : फिजी, इ उला तवातवा, फेकण्याचे शस्त्र, लाकूड, लांबी, वजन, कोणाकडून केव्हा मिळाले, आणि पॉलिश केले असल्यास ते कोणत्या साली. हे शेवटचे लपवू नये, तपासणाऱ्याला त्याचा फार उपयोग होतो.

नक्की ओळख पटवून घ्यायची असेल तर सुवा येथील फिजी संग्रहालयाला लिहावे. केंब्रिज विद्यापीठाच्या पुरातत्त्व व मानववंशशास्त्र संग्रहालयातही फिजीच्या वस्तूंचा मोठा संग्रह आहे. फिजीचे पहिले निवासी गव्हर्नर आर्थर गॉर्डन आणि त्याच काळात तिथे राहिलेले बॅरन फॉन ह्यूगेल यांनी जमवलेल्या वस्तू तिथे आहेत, आणि त्यांच्या नोंदी व छायाचित्रे संकेतस्थळावर पाहता येतात. छायाचित्रे पाठवताना सहा काढावीत : पूर्ण उला आडवा, माथा समोरून, मान जवळून, मुठीचे खोदकाम जवळून, दांड्याचे टोक आणि तडा किंवा जडाव असल्यास तो. प्रत्येकात शेजारी मोजपट्टी हवी. प्रकाश खिडकीतला, एका बाजूने तिरपा पडलेला असावा. फ्लॅशने खोदकाम सपाट दिसते आणि वाकसाच्या खुणा दिसतच नाहीत.

आपला,
लाकूडकाम आणि जुन्या लाकडी वस्तूंची निगा या क्षेत्रातला एक वाचक,
नाशिक